घाबरणारी गाठ

११ जानेवारी

ताई,

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतेस, म्हणून लिहायला बसलो. शिवाय ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाहीच.

मला क्रेनवरून खाली उतरवलंय.

एवढी वर्षं मी त्या काचेच्या केबिनमध्ये बसून जहाजांवरचे कंटेनर उचलतोय. वारा सुटला की केबिन झुलते, पायाखालच्या काचेतून धक्क्यावरची माणसं मुंग्यांएवढी दिसतात, आणि मी वर मजेत डबा खायचो. आता गेले काही महिने काय होतंय कोण जाणे. वर असताना एकदम छातीत घोडे उधळतात. डोकं फुटेल असं ठणकतं. सदरा पिळून काढावा इतका घाम, आणि हात मात्र बर्फ. थोड्या वेळाने सगळं जातं, जसं काही झालंच नाही. पण तेवढ्या वेळात दोरांवर कंटेनर लटकत असतो आणि खाली माणसं असतात. परवा मी कंटेनर हवेतच थांबवला आणि रेडिओवर नुसता "थांबा, थांबा" म्हणत राहिलो. मुकादम वर चढून आला. मला बघून म्हणाला, "अरे, पांढराफटक पडलायस! भूत पाहिलंस की काय?"

बंदराच्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, चार प्रश्न विचारले आणि म्हणाले, "उंचीची भीती बसलीय. होतं असं या वयात. मनाचं आहे." गोळ्या दिल्या. आता मी गेटवर बसून गाड्यांचे नंबर उतरवून घेतो. काल एका पोराने मला ऑफिसच्या पायऱ्या चढताना पाहिलं आणि म्हणाला, "जपून हां, काका, तीन पायऱ्या आहेत." सगळे हसले. मीही हसलो.

ताई, मला वर जायची भीती वाटत नाही गं. पण अंगच घाबरतंय, त्याला मी काय करू? घरी मी "बदली झाली" एवढंच सांगितलंय. हिच्याशी बोलताना सांभाळून.

तुझा बारक्या

१९ जानेवारी

बारक्या,

भीती? आणि तुला? आठव्या वर्षी तू पाण्याच्या टाकीवर चढून बसला होतास. तुला उतरवायला वर गेलेले दोघे येताना लटपटत होते, आणि पाय कुठे ठेवायचा ते तू त्यांना वरून सांगत होतास. तुझ्या त्या डॉक्टरांना विचार, मनाचं आहे म्हणता, तर मन तपासलं कुठे? नाडीत?

माझा अंदाज सांगू? चिमणी आता पोहायला शिकवते, चार पैसे मिळवते, वेगळी खोली घेऊन राहायचं म्हणतेय असं तूच मागे लिहिलं होतंस. लेक घराबाहेर पडणार म्हटलं की बापाच्या छातीत घोडे उधळायचेच. तुझं जे काही बिनसलंय ते घरात आहे, वर केबिनमध्ये नाही. पोरीला मोकळेपणाने जा म्हण, बघ कसा बरा होतोस.

आणि बायकोपासून लपवू नकोस. बायकांना आधीच कळलेलं असतं. आपण सांगतो तेव्हा त्या फक्त आश्चर्याचा चेहरा करतात.

मी बरी आहे. कारखाना सुटला, पण बाटल्यांच्या खडखडाटात गेलेले कान काही परत आले नाहीत. डावा ठार, उजवा कामापुरता. एकटीला पुरतो.

दुसरा डॉक्टर गाठ. शपथ आहे माझी.

ताई

१२ फेब्रुवारी

ताई,

तुझी शपथ कामी आली, पण वेगळ्याच वाटेने. गेल्या आठवड्यात लघवीतून रक्त गेलं. मग हिच्यापासून काय लपवणार? तिने सरळ हात धरून मोठ्या हॉस्पिटलात नेलं. (तू म्हणालीस तसंच झालं. बदलीचं तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मुकादमाच्या बायकोने सांगितलं होतं.)

सोनोग्राफीत मूत्राशयाच्या भिंतीत एक गाठ दिसली. करवंदाएवढी असेल. सर्जन म्हणाले, काळजी करू नका, अशा गाठी आम्ही रोज काढतो, चिरायचंसुद्धा नाही. लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालून खरवडून काढायची आणि तपासायला पाठवायची. कॅन्सर आहे का, हे हिने विचारलं. मी नाही विचारलं. ते म्हणाले, काढल्यावर कळेल.

पुढच्या मंगळवारनंतरच्या मंगळवारी ऑपरेशन. भूल देणाऱ्या डॉक्टर बाईंनीही तपासलं. दात हलतात का, दमा आहे का, घरात कधी कुणाला भूल सोसली नव्हती का, असं बरंच विचारलं. मी म्हटलं, नाही बुवा. आमचे वडील तरुणपणीच गेले, पण झोपेत गेले, शांतपणे.

काळजी करू नकोस. ते झटके वेगळे आणि ही गाठ वेगळी. साडेसाती म्हणतात ती अशीच, एकाला दोन.

तुझा बारक्या

१७ फेब्रुवारी

बारक्या,

हे पत्र लिहायला बसण्याआधी शेजारणीच्या फोनवरून मी तुझ्या बायकोला ओरडून सांगितलंय, की ताईचं पत्र आल्याशिवाय ऑपरेशन करू नका. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. "बरं" म्हणाली असावी.

बाबा झोपेत गेले नाहीत.

तू चार वर्षांचा होतास, मी चौदाची. त्यांना हर्निया होता. साधं ऑपरेशन. आपल्या पायांनी चालत गेले, जाताना मला म्हणाले, "रंधा तेवढा झाकून ठेव, संध्याकाळी परत येतोय." डॉक्टर बाहेर आला तो घामाघूम. म्हणाला, भूल सोसली नाही. रक्तदाब एकदम आभाळाला भिडला आणि हृदय बंद पडलं. आईने त्या दिवशी मला शपथ घातली, बारक्याला यातलं अक्षर सांगायचं नाही. पोराच्या मनात बसलं तर तो जन्मात दवाखान्याची पायरी चढणार नाही. आई गेली तरी मी शपथ पाळली. आज मोडतेय. तिला काय सांगायचं ते वर गेल्यावर मी बघेन.

आणखी एक. बाबांनाही झटके यायचे. काम करता करता चुन्याच्या भिंतीसारखे पांढरे पडायचे, दाराची चौकट धरून उभे राहायचे, घामाने निथळायचे. मग थोड्या वेळाने पुन्हा रंधा हातात. लोक म्हणायचे, सुतार पितो. बाबांनी उभ्या आयुष्यात थेंब घेतला नाही. आई त्याला "वादळ" म्हणायची. "बोलू नका रे, बाबांचं वादळ चाललंय."

तुझ्या पहिल्या पत्रातलं "पांढराफटक" वाचलं तेव्हा काळजात चर्र झालं होतं. हे सगळं त्या भुलीच्या डॉक्टर बाईंना सांग. पत्रच दाखव. मला डॉक्टरकीतलं काही कळत नाही, पण बापलेकांचं वादळ एकच असावं असं वाटतं.

ताई

१४ मार्च

ताई,

तुझ्या फोनला ही "बरं" म्हणाली नव्हती. "काय झालं, काय झालं" म्हणून रडत होती. पण ऑपरेशन थांबवलं. पत्र आल्या दिवशीच आम्ही दोघं भुलीच्या डॉक्टर बाईंकडे गेलो. मी पत्र पुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी आत्ताच आत आलोय.

"हे झटके तुम्हाला कधी येतात?"

"वर. क्रेनच्या केबिनमध्ये."

"फक्त तिथेच?"

"घरीही येतात कधी कधी."

"त्याच्या जरा आधी काय करत असता?"

ताई, तुला लिहायलाही लाज वाटते, पण आता काय लपवायचं. क्रेनवरून खाली उतरून परत चढण्यात फार वेळ जातो. म्हणून आम्ही सगळेच ऑपरेटर वर एक बाटली ठेवतो. समजून घे. डॉक्टर बाई वाट बघत होत्या. शेवटी हीच बोलली, "लघवीला जाऊन आले की भिंत धरून बसतात. रोज सकाळी. विचारलं की म्हणतात, झोपेतून उठल्यावर चक्कर आली."

मला वाटलं बाई हसतील. त्या उठल्या आणि तिथूनच सर्जनना फोन लावला. "त्या गाठीला कुणीही हात लावायचा नाही," म्हणाल्या. एवढंच. मग मला म्हणाल्या, "हे तुम्ही आधी कुणाला का सांगितलं नाही?" मी म्हटलं, कुणी विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "खरं आहे."

मग तपासण्या. पूर्ण दिवसाची लघवी एका डब्यात साठवून न्यायची होती. जन्मभर बाटली लपवली, आता मांडीवर डबा घेऊन भर बसमधून गेलो. शेजारच्या बाईने विचारलं, दूध का? मी हो म्हटलं. पुढे रक्त झालं, स्कॅन झालं, आणि कालच निदान सांगितलं. नाव लांबलचक आहे, माझ्या जिभेवर बसत नाही. अर्थ मात्र समजला. संकट आलं की शरीर एक रस रक्तात सोडतं. त्याने छाती धडधडते, अंग पळायला तयार होतं. तो रस करणाऱ्या पेशींची गाठ माझ्या मूत्राशयाच्या भिंतीत वाढली आहे. मूत्राशय आवळलं की गाठ पिळली जाते आणि रस उसळतो. लाखो माणसांत एखाद्याला होतं. त्या बाईंनी आजवर असा एकच पेशंट पाहिला होता.

मी विचारलं, "म्हणजे मला उंचीची भीती नाही?"

त्या म्हणाल्या, "तुम्ही घाबरतच नाही. गाठ घाबरते, तुम्हाला नुसता घाम फुटतो."

ताई, मी तिथेच रडलो. रोग सापडला म्हणून कुणी आनंदाने रडतं का? पण मी रडलो.

त्या मंगळवारी दुर्बिणीने खरवडलं असतं तर बाबांचं झालं तेच माझं होणार होतं. आता आधी गाठीला वेसण घालायची. गोळ्या चालू आहेत, नाक चोंदलंय, उठलो की भोवळ येते. आणि गंमत म्हणजे डॉक्टर सांगतात, मीठ भरपूर खा, पाणी भरपूर प्या. ही आमटीत मीठ घालते आणि दर वेळी चोरी करत असल्यासारखी इकडेतिकडे बघते.

तुझा बारक्या

२२ मार्च

बारक्या,

पत्र वाचून आधी देवाला हात जोडले आणि मग इतकी हसले की शेजारीण धावत आली. तीस वर्षं मी पट्ट्यासमोर बसून बाटल्या तपासल्या. कुठे तडा आहे, कुठे बुडबुडा आहे, नजरेतून एक सुटत नव्हती. आणि माझ्या भावाचं दुखणं बाटलीतच होतं, तेवढं मला दिसलं नाही.

मग बाबांची आठवण आली. लोकांनी त्यांना दारुडा म्हटलं. मीसुद्धा लहानपणी त्यांच्या त्या पांढऱ्या चेहऱ्याला भ्यायचे, वाटायचं आपल्यावर रागावलेत. रागावले नव्हते रे. त्यांना त्रास होत होता आणि तो कसा सांगायचा हे त्यांना माहीत नव्हतं. दोन दिवस मी त्यांच्याशी मनातल्या मनात बोलतेय.

तू "गाठ, गाठ" म्हणतोस. कॅन्सर आहे का ते लिहीत नाहीस. मला शब्दाचं भय नाही, तो न लिहिण्याचं आहे. खरं काय ते कळव.

ताई

३० एप्रिल

ताई,

ह्यांच्या ऐवजी मी लिहिते आहे, कारण हे लिहितील तर निम्मं गाळतील. ऑपरेशन झाल्याचा "सुखरूप" एवढा निरोप शेजारणीकडे दिला होता, तो पोहोचला असेलच.

पोट उघडून गाठ मूत्राशयाच्या तुकड्यासकट काढली. भुलीच्या डॉक्टर बाईंनी नंतर सांगितलं, गाठीला हात लागला तसा रक्तदाब उसळलाच, पण त्या तयारीत होत्या. म्हणाल्या, "या वेळी आम्ही तिची वाटच बघत होतो." बाहेर आल्यावर त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उमटलेला होता. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. त्यांनी मला पाणी पाजलं.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर. होय, कॅन्सरच आहे. बाजूच्या एका लहान गाठीतही त्या पेशी निघाल्या, म्हणजे रोग तिथवर पसरला होता, म्हणून तसं म्हणायचं. पण ती गाठही पूर्ण काढली आहे, आणि या जातीचं चालणं बहुतेकदा सावकाश असतं. आता दर वर्षी तपासणी, जन्मभर. ह्यांना मी सांगितलं, जन्मभर तपासणी म्हणजे जन्म आहे ना पुढे, मग झालं तर.

आता तुमच्याबद्दल. रक्ताच्या तपासणीत निघालं, हे तुमच्या वडिलांकडून आलं आहे. म्हणजे तुम्हाला आणि चिमणीलाही असू शकतं. कॅन्सरच्या डॉक्टरांनी विचारलं, बहिणीला काही त्रास? मी म्हटलं, तब्येत खणखणीत आहे, फक्त कारखान्याने कान गेले. डावा तर ठार. ते लिहिता लिहिता थांबले. म्हणाले, "कारखान्याचा आवाज दोन्ही कानांत सारखाच जातो. एकच कान ठार कसा झाला?" मग विचारलं, "त्या कानात त्यांना ठोके ऐकू येतात का, नाडीसारखे?"

मी म्हटलं, माहीत नाही. येतात का हो, ताई?

तुमची भावजय

१२ मे

माझ्या गुणी भावजये,

येतात.

अकरा वर्षं झाली. धप, धप, धप. जिना चढले की जोरात, पडून राहिले की हळू. आधी वाटलं, कारखान्यातलं यंत्र कानात राहिलं. कुणाला सांगितलं नाही. एकट्या राहणाऱ्या बाईने कानात आवाज येतो म्हटलं की लोक वेगळाच अर्थ काढतात. पुढे त्याची सवय झाली. खरं सांगू, सोबतच झाली. घरात दुसरं कुणी नाही, निदान हा तरी बोलतो.

बारक्या वाचला, माझं देणंघेणं फिटलं. मला आता या वयात कापाकापी नको. चिमणीची तपासणी तेवढी करा. ती लहान आहे, तिच्यापुढे सगळं पडलंय.

हे पत्र बारक्याला दाखवू नकोस.

ताई

२० जून

ताई,

पत्र हिने मला दाखवलं. बायकांच्या पोटात काही राहत नाही म्हणतात, तू तरी कुठे ठेवलंस?

आधी माझी बातमी. मला कामावर परत घेतलं. सोमवारी क्रेनवर चढलो. अर्ध्या शिडीवर थांबून दम घेतला, तोही पोटाला ओढ बसते म्हणून. वर सगळं तसंच. काचेवर धूळ, खाली मुंग्या. दोन कंटेनर उचलले. मग ती वेळ आली. बाटली काढली, काम उरकलं, आणि दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून वाट बघत बसलो. आता येईल, मग येईल. काही झालं नाही, ताई. इतकं काही झालं नाही की मला हसू फुटलं. रेडिओ चालूच होता. खालून मुकादम विचारतोय, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही!" तो म्हणाला, "मग हसतोस काय?" त्याला काय सांगू?

आता चिमणीचं. तिलाही आहे. म्हणजे बाबांचा वारसा आहे, गाठ कुठेही नाही. स्कॅन स्वच्छ आलं. आम्ही दोघं तोंडं पाडून बसलो होतो, तर तीच आम्हाला म्हणाली, "अहो, पाण्यात उतरायच्या आधी मी मुलांना खोली किती आहे ते सांगते. सांगितलं म्हणून कुणी बुडत नाही. उलट नीट पोहतात." आणि संध्याकाळी पोहायला शिकवायला गेलीसुद्धा.

ती पुढच्या आठवड्यात तुला न्यायला येतेय. तू नाही म्हणालीस तर तिथेच राहीन म्हणतेय, तुझ्याच खोलीत. ती घोरते. तुला ऐकू येणार नाही, पण शेजारणीचा विचार कर.

देणंघेणं फिटलं म्हणे! माझं अजून फिटायचंय. ये.

तुझा बारक्या

१६ सप्टेंबर

बारक्या,

घरी सुखरूप पोहोचले. चिमणी स्टेशनपासून वरपर्यंत बॅग घेऊन आली आणि माझा ओटा धुऊन गेली.

तुमच्याकडे असताना बोलता आलं नाही ते लिहिते. कानाच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा दिवा लावून आत पाहिलं, तेव्हा कानाच्या पडद्यामागचा एक लाल मणी मला टीव्हीवर दाखवला, तुझ्याच जातीची गाठ. डाळिंबाच्या दाण्याएवढा, आणि माझ्या नाडीबरोबर उडत होता. इतक्या वर्षांचा सोबती. मला त्याचा राग आला नाही. एवढंच म्हटलं, बाबा रे, आता पुरे.

ऑपरेशनच्या खोलीत नेताना तुझ्या त्या भुलीच्या डॉक्टर बाई होत्या. मुद्दाम आल्या होत्या. माझा हात धरून उजव्या कानाशी म्हणाल्या, "तुमच्या पत्रामुळे मी तुम्हाला ओळखते." मला बाबांचं ते चालत जाणं आठवलं, पण भीती वाटली नाही. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. मला सगळं विचारून झालं होतं.

शुद्धीवर आले तेव्हा तू उशाशी होतास. विचारलंस, "ताई, रडतेस का?" मी म्हटलं, दुखतंय. खोटं होतं ते. दुखत नव्हतं.

डोळे उघडायच्या आधी मी कान दिला होता, रोजच्यासारखा. ठोका नव्हता. थोडं थांबले. तरीही नव्हता. मनात आलं, संपलं, ठोका बंद पडला म्हणजे आपण गेलो. बाबांसारख्याच गेलो. वाईटही वाटलं नाही, इतकी शांतता होती. मग घसा कोरडा पडल्याचं कळलं. मेलेल्या बाईला तहान कशी लागेल? मग डाव्या बाजूने, त्या ठार कानाच्या बाजूने, कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा बारीक आवाज आला. तो तू होतास.

तेव्हा समजलं, की मी जिवंत आहे आणि आत शांत आहे. दोन्ही एकदम असता येतं, हे मी विसरूनच गेले होते रे. म्हणून रडत होते.

ताई